थायरॉइडची गोळी, देहाचे वजन आणि कर्तेपणाचा प्रश्न

मनुष्याने मनापासून प्रयत्न करावा आणि त्याचे फळ मात्र अपेक्षित मापाने पदरात पडू नये, असे झाले म्हणजे दोष कोणाकडे जातो, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनात फार जुना आहे. यज्ञ, शेती, युद्ध अशा उदाहरणांच्या आधारे त्याची पूर्वी चर्चा झाली. आजच्या शहरी घरात तो वजनकाट्यावर रोज सकाळी उभा राहतो. ज्यांची थायरॉइड ग्रंथी मंदावली आहे आणि त्यासाठी ज्यांची रोजची गोळी चालू आहे, अशी माणसे जेवण मोजून घेतात, पहाटे चालायला जातात, गोड बंद करतात, आणि तरीही काटा जागचा हलत नाही किंवा इतरांच्या मानाने फारच सावकाश हलतो. मग घरचे म्हणतात की मनावर घेतलेले नाही, आणि हळूहळू त्या व्यक्तीलाही तसेच वाटू लागते. वजन हा येथे केवळ वैद्यकाचा विषय उरत नाही, कारण त्याच्या आडून मनुष्याच्या संयमाची, श्रद्धेची आणि चारित्र्याची परीक्षा घेतली जात असते, आणि ती परीक्षा न्याय्य आहे की नाही हे ठरवायला नीतिशास्त्र लागते.

नवी मुंबईतील खारघर हे उपनगर या प्रश्नाकडे पाहण्यासाठी सोयीचे आहे. डोंगराच्या पायथ्याशी सिडको या नगरनियोजन महामंडळाने आखून वसवलेल्या आणि आता पनवेल महानगरपालिकेत समाविष्ट असलेल्या या वस्तीत सेंट्रल पार्कच्या वाटांवर पहाटेपासून चालणाऱ्यांची रीघ असते. त्याच भागात, सेक्टर २३ मध्ये, इस्कॉनचे राधामदनमोहन मंदिर १५ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते खुले झाले. आणि शेजारच्या सेक्टर २२ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोगावरील उपचार, संशोधन व शिक्षणाची संस्था आहे. व्यायाम, व्रत आणि औषध ही देहाला वळण लावण्याची तीन साधने येथे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शिवाय देशाच्या नाना भागांतून आलेली कुटुंबे एकाच इमारतीत राहत असल्याने एकादशी, नवरात्र, पर्युषण, रमजान आणि वर्षावास यांचे आहारनियम एकाच जिन्यावर शेजारी शेजारी पाळले जातात, आणि त्या प्रत्येक नियमाला सकाळच्या त्या छोट्या पांढऱ्या गोळीशी कसे जुळवून घ्यावे हा प्रश्न पडतो.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. ती प्रामुख्याने थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, हे संप्रेरक रक्तात सोडते (एका अवयवात तयार होऊन रक्तावाटे इतरत्र कार्य करणाऱ्या रसायनास संप्रेरक म्हणतात), आणि शरीरातील पेशी त्यातून टी-३ हे अधिक प्रभावी रूप तयार करतात, ज्यावर विश्रांतीच्या अवस्थेतही शरीर किती ऊर्जा खर्च करील हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक पाठवून थायरॉइडला कामाला लावते. म्हणून थायरॉइड मंद झाली की टीएसएच वाढतो, आणि रिपोर्टमधील हा वाढलेला आकडा पाहून डॉक्टर लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या थायरॉक्सिनची, गोळी सुरू करतात. हा विकार विरळ नाही: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह आठ भारतीय शहरांत केलेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांची थायरॉइड मंद असल्याचे आढळले, आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते.

आता वजनाविषयी जे निश्चित सांगता येते ते असे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या माहितीनुसार मंद थायरॉइडमुळे वाढणारे वजन साधारणपणे ५ ते १० पौंड, म्हणजे सुमारे २ ते साडेचार किलो इतकेच असते आणि त्यातला मोठा भाग चरबीचा नसून शरीरात साठलेल्या क्षाराचा व पाण्याचा असतो. गोळी लागू पडून टीएसएच योग्य मर्यादेत आला की हा भाग बहुधा उतरतो. त्यापलीकडचे वजन उतरायचे असेल तर ते इतर कोणाही माणसाप्रमाणे आहार, हालचाल आणि झोप यांच्याच मार्गाने उतरते. गोळी वजन घटवत नाही. ती शरीराला त्याच्या मूळ गतीवर आणून सोडते, इतकेच तिचे काम आहे. हे वास्तव दोन्ही बाजूंच्या सोयीच्या समजुतींना अडचणीचे ठरते, कारण ‘सगळे थायरॉइडमुळेच’ असे म्हणणाऱ्याला त्यात पूर्ण आधार मिळत नाही आणि ‘थायरॉइड हे निमित्त आहे’ असे म्हणणाऱ्यालाही मिळत नाही. दोन ते साडेचार किलोंचा तो अंश खरा असतो, त्याबरोबर येणारा थकवा, सांध्यांचे जखडणे आणि सुस्ती खरी असते, आणि ज्याला पहाटे अंथरुणातून उठणेच जड जाते त्याला चालायला जाण्यासाठी इतरांपेक्षा अधिक बळ एकवटावे लागते, हेही खरे असते.

या विकाराकडे पाहण्याची एक धार्मिक रीत अशी की रोग हे पूर्वकर्माचे फळ मानावे आणि भोगून संपवावे. मराठी घरांत ‘भोग आहेत’ हे शब्द सहानुभूतीनेच उच्चारले जातात, परंतु त्यांच्या पोटात एक आरोप दडलेला असतो, तो असा की हे ओढवून घेतलेले आहे. ही कल्पना एकमुखाने भारतीय आहे असे मानण्याचे मात्र कारण नाही. पाली त्रिपिटकातील संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की मनुष्य जे जे सुखदुःख अनुभवतो ते सारे पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात, त्याविषयी आपले मत काय; तेव्हा बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुपालट, विषम वागणूक आणि बाह्य आघात अशी सात कारणे मोजून मग आठव्या स्थानी कर्मविपाक ठेवतात, आणि सर्व काही पूर्वकर्मानेच होते असे म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्याही पुढे जातात व जगाने जे सत्य मानले आहे त्याच्याही पुढे जातात, असे स्पष्ट सांगतात. पित्त बिघडले हे पाहून कळते, त्यासाठी गतजन्म धुंडाळावा लागत नाही, हा या उत्तराचा आशय रक्ततपासणीच्या काळात अधिकच सुबोध होतो. ग्रंथीवर शरीराच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केला, हे अशा रुग्णांतील सर्वांत सामान्य कारणांपैकी एक आहे आणि ते रक्तातील प्रतिपिंडे मोजून दाखवता येते. त्याला कोणाच्या पापाची साक्ष लागत नाही.

आयुर्वेदाचा कलही असाच आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात शिष्य अग्निवेश आयुष्य नियत आहे की अनियत असे विचारतो, आणि गुरू आत्रेय उत्तर देतात की दैव आणि पुरुषकार (म्हणजे याच देहात केलेला प्रयत्न) या दोहोंच्या बलाबलावर ते अवलंबून आहे. सारे नियतच असते तर औषधाला काही अर्थच उरला नसता. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूल देहाची कारणे सांगताना चरक अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप यांच्या बरोबरीने बीजस्वभाव हेही कारण मोजतो, म्हणजे आईवडिलांकडून आलेली देहाची घडण. त्यापुढचे निरीक्षण आणखी सूक्ष्म आहे: मेदाने शरीरातील मार्ग अडले की कोठ्यातील वायू अग्नीला चेतवतो आणि त्यामुळे भूक अधिक वाढते, असे चरक म्हणतो. त्या काळच्या शरीरविचाराच्या भाषेत सांगितलेले असले तरी यातले मर्म आजही मोलाचे आहे. भूक ही स्थूलतेचे कारण असते तशीच तिचे कार्यही असते, आणि म्हणून जाड माणसाची भूक हा त्याच्या लोभाचा सरळ पुरावा ठरत नाही. मात्र याच अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश यांना अतिउंच, अतिबुटके, अतिगोरे, अतिकाळे अशांसह आठ ‘निंदित’ देहांत बसवले आहे, ही या परंपरेतील उणी बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. देहाच्या घडणीला निंदेचा विषय करण्याची सवय आपल्याकडे बाहेरून आलेली नाही.

कर्तेपणाच्या प्रश्नाचे सर्वांत उपयोगी विवेचन गीतेच्या अठराव्या अध्यायात सापडते. कोणतेही कर्म घडण्यास पाच कारणे लागतात, असे तेथे म्हटले आहे: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे इंद्रिये व साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली व प्रयत्न, आणि पाचवे दैव. असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असा त्यापुढील निष्कर्ष आहे. शांकरभाष्यात या प्रकरणाचा रोख आत्म्याच्या अकर्तेपणावर आहे आणि दैव म्हणजे इंद्रियांना साह्य करणाऱ्या आदित्यादी देवता. शके १२१२ मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीतही पाचव्या कारणाचा विस्तार देवतांच्याच अंगाने येतो. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त मात्र याला व्यवहाराचे वळण दिले आणि मनुष्याच्या प्रयत्नाखेरीज सृष्टीतील ज्या व्यापारांची अनुकूलता फळासाठी लागते, पण जे त्याच्या हाती वा ज्ञानात नसतात, त्यांना दैव म्हटले. आत्म्याचा मोठा प्रश्न बाजूला ठेवून हे दुसरे वाचन स्वीकारले तरी वजनकाट्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला त्यातून पुष्कळ प्रकाश मिळतो.

अधिष्ठान येथे तो देह आहे ज्याची ग्रंथी मंद आहे, ज्याचे वय, उंची, बाळंतपणे, रजोनिवृत्ती यांनी त्याला एक घडण दिली आहे. कर्ता म्हणजे ठरवणारे माणूस. करणांमध्ये पोट, आतडी, स्नायू यांच्या जोडीला आज ती गोळीही मोजावी लागेल, आणि हे साधन स्वतःच्या अटी घेऊन येते: लिव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहान्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावे लागते, कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्या लागतात, कारण त्या आतड्यातच तिला धरून ठेवतात, तसेच दूध, सोयाबीन आणि कॉफीही तिचे शोषण कमी करतात. मराठी घरात डोळे उघडताच दुधाच्या चहाचा कप हाती येतो, आणि गोळी त्याच चहाबरोबर गिळली जाते; महिनोन्‌महिने डोस वाढत राहतो, टीएसएच खाली येत नाही, आणि शिस्तीत काही कमी नसूनही केवळ साधन वापरण्याची रीत चुकल्याने फळ हुकते. चेष्टा म्हणजे चालणे, जिना चढणे, वजने उचलणे, ताटात किती घ्यायचे ते ठरवणे. आणि दैव म्हणजे जे या चौघांत मोजता येत नाही ते सारे, ज्यात मनुष्य ज्या गावात आणि ज्या काळात राहतो तेही येते.

या शेवटच्या मुद्द्यासाठी खारघरच्या मूळ गावांकडे पाहावे. ओवे, कोपरा, बेलपाडा, मुर्बी या गावांतील आगरी कुटुंबांच्या मागच्या पिढ्या भातशेती आणि खाडीकाठच्या कामावर जगल्या. पनवेल-उरणच्या पट्ट्यातील खाजणे, खाड्या आणि मिठागरे यांत कंबरेत वाकून केलेल्या कामाला व्यायाम म्हणण्याची गरज कोणाला वाटली नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, जमिनी संपादित झाल्या, आणि दोन पिढ्यांत श्रम शरीरातून काढून घेतले गेले, भात मात्र ताटात तसाच राहिला. बाहेरून येऊन येथे सदनिका घेणाऱ्या नोकरदाराची स्थिती वेगळी दिसली तरी परिणाम तोच आहे, कारण हार्बर मार्गावरच्या लोकलमध्ये आणि संगणकापुढे त्याचा दिवस जातो व चालण्यासाठी पहाटेचा एक तास चोरावा लागतो. या बदलात एकेका माणसाच्या आळसाचा वाटा शोधणे म्हणजे पाच कारणांतील चार पुसून टाकणे होय. तरीही कर्ता हे कारण त्या यादीत आहे, पुसलेले नाही, हे तितकेच लक्षात घ्यायला हवे. ज्याच्या हाती पाचातला एक भाग आहे त्याने तो सोडून द्यावा असे गीता कोठेही म्हणत नाही.

मग कर्त्याने आपला भाग किती ताणावा? येथे तपाचा प्रश्न येतो, कारण वजन उतरत नाही असे दिसले की पुष्कळांचा पहिला उपाय म्हणजे अधिक कठोर उपास. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला जसा योग नाही तसा मुळीच न खाणाऱ्यालाही नाही असे सांगून आहार, विहार, निद्रा यांचे युक्त प्रमाण सांगितले आहे. सतराव्या अध्यायात तर शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून देहातील भूतसमुदायाला आणि आत वसणाऱ्या ईश्वरालाही कष्टवणाऱ्यांचा निश्चय आसुरी म्हटला आहे. शरीरशास्त्राचे म्हणणे या ठिकाणी आश्चर्य वाटावे इतके जवळ येते. दीर्घकाळ फार कमी अन्न मिळाले की शरीर टी-४ चे टी-३ मध्ये होणारे रूपांतर कमी करते, निष्क्रिय अशा उलट्या टी-३ चे प्रमाण वाढवते आणि विश्रांतीतील ऊर्जाखर्च घटवते. दुष्काळात टिकून राहण्याची ही त्याची जुनी योजना आहे, आणि उपास देवासाठी आहे की आरशासाठी, हे तिला कळत नाही. जी गती गोळीने परत मिळवून दिली तीच अशा उपासाने पुन्हा मंदावते, स्नायू झिजतात, केस गळतात, आणि पुन्हा नेहमीचे जेवण सुरू झाले की गेलेले वजन परत येते. युक्त आहाराची शिकवण म्हणजे दुबळ्यांसाठी दिलेली सवलत, असे ज्यांना वाटते त्यांनी हे अवश्य विचारात घ्यावे. देहाच्या रचनेत घोर तपाला ज्या ठिकाणी अडवले जाते ती जागा हीच.

उपासाचा धार्मिक हेतू आणि वजन घटवण्याचा हेतू हे एकत्र बांधले गेल्याने दोहोंचे नुकसान झाले आहे. वारकऱ्याची एकादशी ही विठ्ठलाच्या स्मरणासाठी आहे. तिला आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात बसवले की स्मरण हरपते, आणि साबुदाण्याची तुपातली खिचडी, बटाट्याचा कीस व शेंगदाण्याचे लाडू यांमुळे वजनाचेही काम होत नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्याला सांगून ठेवलेली आहे. उपासाला सैंधव मीठ वापरण्याची चाल आहे आणि त्यात बहुधा आयोडीन घातलेले नसते. अधूनमधूनच्या उपासाला त्याने बिघडत नाही, परंतु पवित्र व नैसर्गिक म्हणून वर्षभर तेच वापरणाऱ्या घराने हे ध्यानात ठेवलेले बरे, विशेषतः घरात गरोदर स्त्री असेल तर.

व्रताच्या दिवशी गोळी घ्यावी की नाही, ही शंका मात्र खरी आहे आणि श्रद्धाळू माणसाच्या मनाला ती बोचते. व्रतविषयक निबंधग्रंथांत वारंवार उद्धृत होणारे आणि महाभारताच्या उद्योगपर्वातही येणारे एक वचन व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगते, आणि पाणी, कंदमुळे, फळे, दूध यांच्याबरोबर त्यात औषधाचा उल्लेख आहे. तेव्हा एकादशीला गोळी टाळण्याला परंपरेचा आधार नाही. बौद्ध विनयात भिक्षूच्या चार आवश्यक गोष्टींपैकी एक औषध आहे, आणि मध्यान्हानंतर अन्न वर्ज्य असतानाही आजाऱ्यासाठी तूप, लोणी, तेल, मध व काकवी यांना मुभा आहे. कुराणाने आजारी माणसाला रमजानचे रोजे पुढे ढकलून नंतर भरून काढण्याची सवलत दिली आहे. परंतु ज्याचा टीएसएच स्थिर आहे अशा रोजेदाराला ती घेण्याची बहुधा गरजही पडत नाही, कारण रात्रीच्या जेवणानंतर तीन-चार तासांनी झोपताना किंवा सहरीच्या, म्हणजे रोजाच्या पहाटेच्या जेवणाच्या, अर्धा तास आधी गोळी घेता येते. जैन घरातील अडचण अधिक नाजूक आहे. नवकारशीच्या नियमात सूर्योदयानंतर ४८ मिनिटे तोंडात पाणीही घालायचे नसते, आणि चौविहार पाळणाऱ्याला सूर्यास्तानंतर तेच बंधन असते, त्यामुळे पहाटेची आणि झोपतानाची अशा दोन्ही वेळा अडतात. अशा वेळी नवकारशी पारल्यावर प्रथम गोळी आणि नंतर अर्ध्या-पाऊण तासाने न्याहारी, असा क्रम लावता येतो. थायरॉक्सिनचा रक्तातील प्रभाव निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून डोस बदलल्यावरही पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात, आणि एखाद्या दिवशी गोळी चुकली तर अनर्थ होत नाही. मात्र गर्भवतीने, हृदयविकार असलेल्याने आणि कर्करोगामुळे ग्रंथी काढून टाकलेल्याने आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही दिवस सोडू नये. अहिंसेच्या दृष्टीने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी या विकारावर पहिला यशस्वी उपचार केला तो मेंढीच्या ग्रंथीच्या अर्काने, पण १९२७ पर्यंत थायरॉक्सिन प्रयोगशाळेत तयार होऊ लागले, आणि आजच्या लिव्होथायरॉक्सिनच्या गोळीतील संप्रेरक प्राण्यापासून काढलेले नसते.

याच इतिहासात एक धोक्याची वाट आहे. ग्रंथीचा अर्क हाती येताच, ज्यांची थायरॉइड निरोगी होती अशांनाही बारीक होण्यासाठी तो दिला जाऊ लागला, आणि डोस वाढवून घेतला तर वजन उतरेल ही समजूत अजूनही कानावर येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने थायरॉइडच्या औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापणे बंधनकारक केले आहे की ती वजन घटवण्यासाठी वापरू नयेत, कारण नेहमीच्या मात्रेत ती त्या कामी निरुपयोगी आणि मोठ्या मात्रेत जिवावर बेतणारी ठरतात. जास्तीच्या डोसाने हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडांतील खनिजे झिजतात, आणि जे वजन उतरते त्यात स्नायूही असतात. येथे नैतिक विचार असा करता येईल की देहाला त्याच्या स्वाभाविक स्थितीत आणणारे साधन जेव्हा देहाला आपल्या इच्छेच्या आकारात कोंबण्यासाठी वापरले जाते तेव्हा ते औषध राहत नाही. अधिष्ठानावर कर्त्याने केलेली ती जबरदस्ती असते, मग तिला कितीही शिस्तीचे नाव दिले तरी.

भूक मंदावणारी नवी इंजेक्शने (भारतात माउंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये आले) हा प्रश्न आणखी पुढे नेतात. थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कर्करोगाचा स्वतःचा किंवा घराण्याचा इतिहास असलेल्यांनी ती घेऊ नयेत, आणि वजन उतरू लागले की थायरॉक्सिनचा डोसही पुन्हा तपासावा लागतो, एवढी वैद्यकीय सावधगिरी सांगून तत्त्वाकडे वळता येते. इंजेक्शनाने भूकच शमली, तर कमी खाण्यात पुण्य उरले कोठे, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर अवघड वाटत नाही. संयमाचे मोल दुःख किती झाले यावर मोजायचे असेल तर गीतेने घोर तपाला नाव ठेवण्याचे कारणच नव्हते. शिवाय एका माणसाची भूक जन्मतः मंद असते आणि दुसऱ्याची प्रखर असते. पहिल्याला आपण संयमी म्हणत आलो ते त्याच्या देहाचे दान होते, आणि तेच दान दुसऱ्याला औषधातून मिळाले तर त्यात लबाडी दिसण्याचे कारण नाही. किमतीमुळे ते दान सर्वांना परवडत नाही, हा न्यायाचा प्रश्न मात्र खरा आणि वेगळा आहे.

तुकोबांचा एक अभंग देहाला आधी दुःखाचे व रोगाचे भांडार म्हणतो, मग त्याच देहाला उत्तम आणि सुखाचे म्हणतो, आणि शेवटी देहाला ना लाडवावे ना टाकून द्यावे, तो वाईटही नव्हे आणि चांगलाही नव्हे, असे सांगून हरिभजनाकडे वळतो. थायरॉइडच्या रुग्णासाठी हा मध्यस्थ भाव फार उपकारक आहे, कारण त्याचे अर्धे हाल देहामुळे होतात आणि उरलेले अर्धे देहाकडे सतत पाहत राहण्यामुळे होतात.

अखेरीस एका राजाची कथा विचारात घ्यावी. संयुत्त निकायातच ती आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोण या मोठ्या मापाने भात खाऊन, धापा टाकीत बुद्धांपाशी येऊन बसला, तेव्हा बुद्धांनी भोजनात मात्रा जाणणाऱ्याच्या वेदना कमी होतात, तो सावकाश म्हातारा होतो, अशा आशयाची एक गाथा म्हटली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला सांगितली आणि रोज शंभर कार्षापण नाणी देऊन जेवताना ती म्हणण्याचे काम त्याला लावून दिले. मग क्रमाक्रमाने राजाचा आहार नाळी या त्याहून पुष्कळ लहान मापाच्या भातावर आला आणि त्याचे अंग हलके झाले. या कथेतील तीन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही की बदल क्रमाक्रमाने झाला, एका दिवसाच्या निश्चयाने झाला नाही. दुसरी ही की राजाची ग्रंथी निरोगी असावी, कारण खाणे कमी होताच वजन उतरले. ज्याची तशी नाही त्याला हेच करून उशिरा आणि कमी मिळू शकेल, आणि त्यामुळे त्याचे करणे कमी दर्जाचे ठरत नाही. तिसरी, आणि आपल्या समाजाला सर्वांत लागू पडणारी, ही की सुदर्शनाला ताटाशी बसून बोलण्याचा अधिकार राजाने स्वतःहून दिला होता. हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘किती सुटलात’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकाला आणि शेजारणीला तो कोणी दिलेला नसतो. त्यांना समोरच्या बाईचा टीएसएच ठाऊक नसतो, तिने सकाळी किती अंतर चालून घाम गाळला हे ठाऊक नसते, आणि पाच कारणांपैकी त्यांच्या दृष्टीस फक्त एक पडलेले असते. ज्या घरात हे बोलणे थांबते त्या घरात रुग्ण औषध नियमित घेतो की नाही, जेवणाची वेळ सांभाळतो की नाही, पायी जाऊन येतो की नाही, यांकडे लक्ष द्यायला जागा होते, आणि चहाचे आधण अर्धा तास उशिरा ठेवण्याइतकी मदतही कोणीतरी करू शकते.